खोली भाड्याने दिली आणि तिचा अड्डा झाला: कायदा कोणाकोणाला धरतो?

ज्या इमारतीत नशेचा अड्डा चालतो तिथे ‘ती खोली’ कुठली, हे खालच्या किराणावाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या खालाजानपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. दार कधी पूर्ण उघडत नाही. दोन-दोन मिनिटांसाठी पोरं येतात आणि जातात. जिन्यात सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा मोबाईल घेऊन उगाच उभा असतो. रात्री दीडला बाईक थांबते, इंजिन बंद होत नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. मग एके दिवशी छापा पडतो, आणि पोलिसांच्या गाडीत विकणाऱ्याबरोबर घरमालकाचा भाऊ, शेजारचा पोरगा आणि ‘दोन दिवस ही पिशवी ठेव’ म्हटल्यावर पिशवी ठेवणारा मित्रही बसलेला दिसतो. तेव्हा मोहल्ल्यात एकच वाक्य फिरतं, ‘बेगुनाह को ले गए’.

कधी ते खरं असतं, कधी नसतं. पण कायदा अशा खोलीकडे कसा बघतो हे आपल्या घराघरांत माहीत नाही. ते माहीत असेल तर बऱ्याच गोष्टी छाप्याच्या आधीच थांबवता येतात. आम्ही वकील नाही, शिक्षक आहोत. नववी-दहावीची पोरं रोज समोर बसतात म्हणून हा विषय आम्हाला वाचावा लागला. जे समजलं ते सोप्या भाषेत मांडतो आहोत. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर वकील गाठा.

पुडीपासून गोदामापर्यंत

आपल्या भागात आज सगळ्यात जास्त बोलबाला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा आहे. कोणी म्याऊ म्याऊ म्हणतं. पांढरट भुकटी, नाकाने ओढायची. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ही वस्तू अमली पदार्थांच्या यादीतच नव्हती, म्हणून विकणाऱ्याला धरलं तरी मोठं कलम लागत नसे. २०१५ मध्ये ती यादीत आली आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्याची सगळी धार तिला लागू झाली. तरी धंदा थांबला नाही, कारण एमडीला अफूसारखं शेत लागत नाही. रसायनं, एक शेड आणि रसायनशास्त्र शिकलेला माणूस एवढ्यावर काम भागतं.

उपनगरातली खोली या साखळीत नेमकी कुठे बसते हे ऑगस्ट २०२२ च्या कारवाईत दिसलं. मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी कक्षाच्या वरळी युनिटने नालासोपाऱ्यात छापा टाकून सुमारे ७०० किलो एमडी पकडलं. पोलिसांनी त्याची किंमत १,४०० कोटी रुपये सांगितली. धागा सुरू झाला होता गोवंडीत सापडलेल्या थोड्याशा मालापासून, आणि पुढे तपास गुजरातमधल्या अंकलेश्वरच्या कारखान्यापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांनीही असाच, हातातल्या छोट्या मालावरून मागे मागे जात, नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना गाठला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना उघड झाला.

म्हणजे माल बनतो दूर, मोठा नफाही दूरच कोणी खातो. आपल्या वस्तीत उरतात ती पुडी विकणारी खोली आणि तिच्याभोवती उभी राहणारी पोरं. पकडलंही आधी त्यांनाच जातं. आपली पोरं या धंद्याचं सगळ्यात स्वस्त मनुष्यबळ झाली आहेत. हे वाचायला बरं वाटणार नाही, पण आहे तसं लिहिलं.

एमडीइतकंच गोळ्यांकडेही लक्ष हवं. मालेगावात ‘कुत्ता गोली’ म्हणतात ती अल्प्राझोलम, झोपेसाठी आणि घबराटीसाठी डॉक्टर चिठ्ठीवर देतात ते औषध. चिठ्ठी असेल तर ते औषध. खिशात चिठ्ठीशिवाय पट्ट्यांचा गठ्ठा असेल तर तोच अमली पदार्थ.

वजनाचा हिशोब

एनडीपीएस कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. अल्प मात्रा, मधली मात्रा आणि व्यावसायिक मात्रा अशा तीन पायऱ्या आहेत. एमडीसाठी २ ग्रॅमपर्यंत अल्प आणि ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. हेरॉईनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. गांजासाठी १ किलो आणि २० किलो. अल्प्राझोलमसाठी ५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम.

एमडीची अल्प मात्रा सापडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच्या वर गेलात की दहा वर्षांपर्यंत. ५० ग्रॅमच्या वर गेलात की कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि एक ते दोन लाख दंड. ५० ग्रॅम म्हणजे किती? मुठीत मावेल एवढं. वीस वर्षांच्या पोराला हे मुठीत मावणारं पाकीट ‘फक्त पोचव’ म्हणून देतात तेव्हा त्याच्या हातात किती वर्षं दिली आहेत हे त्याला कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. माल भेसळीचा असेल तर शुद्ध मालाचंच वजन धरतील, असा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलं की भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणून गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम असलं तरी वजनकाट्यावर अख्खी गोळी चढते. काही पट्ट्यांतच ५ ग्रॅमची रेघ ओलांडली जाते.

व्यावसायिक मात्रेचा आरोप लागला की जामिनाचं गणित बदलतं. कलम ३७ म्हणतं की आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. पोलिसांना आरोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात, आणि न्यायालयाच्या परवानगीने ही मुदत एक वर्षापर्यंत वाढू शकते. ‘दोन महिन्यांत सुटून येईल’ असं सांगून पैसे घेणारे दलाल कोर्टाच्या आवारात भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा.

खोलीचा मालक

आता मूळ मुद्दा. कलम २५ हे घराबद्दल आहे. घर, खोली, जागा किंवा वाहन ज्याच्या मालकीचं, ताब्यात किंवा वापरात आहे त्याने जाणूनबुजून ते अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी वापरू दिलं, तर जी शिक्षा त्या गुन्ह्याला तीच मालकाला. आत ६० ग्रॅम एमडी सापडलं आणि मालकाला हे माहीत होतं असं सिद्ध झालं, तर मालकालाही दहा वर्षांपासून पुढे. त्याने पुडीला हात लावलेला असो वा नसो.

सगळं वजन ‘जाणूनबुजून’ या शब्दावर आहे. ज्याला खरोखर काही कल्पना नव्हती तो गुन्हेगार नाही. पण याच कायद्याचं कलम ३५ सांगतं की आरोपीच्या मनात दोषी हेतू होता असं न्यायालय गृहीत धरेल आणि तो नव्हता हे आरोपीने दाखवायचं. म्हणून मालकाकडे कागद हवा. शेजाऱ्यांनी दोनदा सांगूनही मालकाने कानाडोळा केला असेल, बाजारात आठ हजार भाडं असताना भाडेकरू पंधरा हजार रोख देत असेल आणि मालक गप्प असेल, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगणं अवघड होऊन बसतं.

इथे आपल्या वस्त्यांची एक अडचण आहे, ती मोकळेपणाने मांडू. १९९२-९३ च्या दंगलीनंतर हजारो कुटुंबं मुंबईतून उठून मुंब्रा-कौसा आणि मीरा रोडकडे आली. घाईत इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या कितीतरी इमारतींना परवानगी नाही, नोंदणीकृत सोसायटी नाही, आणि खोली विकली जाते ती नोटरीच्या कागदावर. मूळ कागदच असा लटका, तर भाडेकरार कोण नोंदवणार? एजंट डिपॉझिट घेतो, चावी देतो, आधार कार्डची झेरॉक्स व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि विषय संपतो. शिवाय शहराच्या दुसऱ्या भागात आपल्या आडनावामुळे घर नाकारलं जाण्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. त्यामुळे आपल्याकडे आलेल्या माणसाला कागद मागायला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. हे अवघडलेपण समजण्यासारखं आहे. पण धंदेवाला तेच हेरून खोली घेतो.

कायद्याची मागणी साधी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. याशिवाय पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणं बंधनकारक करतात. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा. ही माहिती ऑनलाइनही भरता येते. एका खोलीच्या भाड्यावर घर चालवणारी बेवा असेल तर हे काम तिच्या भावाने, पुतण्याने किंवा मस्जिदीच्या कमिटीतल्या कोणी सोबत बसून करून द्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि उद्या ‘मी नियमाने दिली होती’ हे सांगायला तेवढा एकच कागद तिच्या हातात असेल.

भाडेकरू बिघडला हे कळल्यावर? नोटीस द्या, आणि त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात लेखी द्या. गुपचूप हाकलून दिलं तर तो पुढच्या गल्लीत दुसरी खोली घेतो, बाकी काही बदलत नाही.

आणि बुलडोझर? आरोप झाला म्हणून घर पाडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की केवळ कोणी आरोपी आहे किंवा दोषी ठरला म्हणून त्याचं घर पाडणं बेकायदा आहे, आणि अनधिकृत बांधकाम असलं तरी १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही.

कपाटातला कट्टा

नशेच्या खोलीत हत्यार येतं त्याचं कारण व्यवहारी आहे. आत रोख रक्कम असते आणि माल असतो. ते कोणी लुटलं तर पोलिसांकडे जाता येत नाही. म्हणून गावठी कट्टा, नाहीतर चॉपर, कोयता. उधारी वसूल करायला आणि शेजाऱ्यांची तोंडं बंद ठेवायलाही तेच कामाला येतं. इमारत गप्प राहते त्यात निम्मा वाटा या कट्ट्याचा असतो, कोणी तो प्रत्यक्ष पाहिलेला नसला तरी.

विनापरवाना बंदूक किंवा काडतूस जवळ असेल तर शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दोन ते पाच वर्षं कैद. प्रतिबंधित प्रकारचं शस्त्र असेल तर सात ते चौदा वर्षं. शहरात जमावबंदीसारखे आदेश चालू असतात तेव्हा कोयता किंवा मोठा सुरा घेऊन फिरणाऱ्यावर महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं ३७ आणि १३५ लागतात. बातमीत ती नेहमी दिसतात.

घरच्यांनी समजून घ्यायचं ते शस्त्र कायद्याचं कलम ३५. एकत्र राहणाऱ्या माणसांच्या घरात शस्त्र सापडलं आणि त्यांतल्या ज्याला ते माहीत होतं असं मानायला कारण आहे, तो प्रत्येक जण जबाबदार, जोवर तो उलट सिद्ध करत नाही तोवर. थोरल्याने कट्टा अम्मीच्या कपाटात ठेवला, धाकट्याने बघितला आणि घरात कुजबुज झाली, तर प्रश्न फक्त थोरल्याचा राहत नाही. उलट बाजूही आहे. नुसतं त्या घरात राहणं पुरेसं नाही. माहिती होती का आणि वस्तूवर ताबा होता का, हे न्यायालय विचारतं. अमली पदार्थांच्या बाबतीतही हाच नियम आहे. २००३ च्या मदनलाल खटल्यात गाडीत चरस सापडली तेव्हा गाडीतल्या सगळ्यांची शिक्षा कायम राहिली, कारण माल आहे हे सगळ्यांना माहीत होतं असं न्यायालयाला पटलं. आपल्या पोरांना ‘मी तर नुसता बसलो होतो’ हे वाक्य फार भरवशाचं वाटतं, म्हणून हा खटला वर्गात सांगण्यासारखा आहे.

छाप्याच्या वेळी

पोलीस वॉरंटशिवाय घरात येऊ शकतात का? अमली पदार्थांच्या बाबतीत हो. कलम ४२ प्रमाणे शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा, सरकारने अधिकार दिलेला अधिकारी सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय येऊ शकतो, पण मिळालेली खबर आधी लिहून ठेवावी लागते. रात्री यायचं असेल तर वॉरंट आणेपर्यंत माल पसार होईल असं का वाटलं, ती कारणं लिहावी लागतात, आणि त्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते.

अंगझडती घेण्याआधी कलम ५० प्रमाणे सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा तुमचा हक्क आहे. हे फक्त अंगझडतीला लागू आहे, हातातल्या बॅगेला किंवा घराला नाही. बाईची झडती बाईच घेईल. घराच्या झडतीत त्याच भागातले दोन स्वतंत्र पंच असायला हवेत, घरातल्या माणसाला हजर राहू द्यायला हवं आणि जप्तीच्या यादीची प्रत द्यायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने यात एक मोठी भर घातली आहे. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं झालं. जप्त मालाची यादी आणि नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित होतात. अटकेची कारणं सांगावी लागतात, नातेवाइकाला कळवावं लागतं, २४ तासांत न्यायालयात उभं करावं लागतं. कबुलीजबाबाबद्दल २०२० चा तोफान सिंग निकाल आहे. अमली पदार्थांचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही.

हे सगळं आम्ही पोलिसांना अडवायला सांगत नाही. दारात आडवं उभं राहणं, आरडाओरडा करून गर्दी जमवणं यातून नवा गुन्हा तेवढा दाखल होतो. शांतपणे यादी मागा, वेळ लिहून ठेवा, चित्रीकरण चालू आहे का ते बघा.

नियम पाळले जाणं विकणाऱ्याला पकडायचं असेल तरही तितकंच गरजेचं आहे. कलम ४२ अजिबात पाळलं नाही, नमुने नीट घेतले नाहीत, पंच ठरलेलेच निघाले, म्हणून खरा विकणारा सुटतो आणि त्याच खोलीत परत येतो. दुसरीकडे ऑक्टोबर २०२१ चं क्रूझ प्रकरण आठवा. आर्यन खानजवळ काहीही सापडलेलं नव्हतं, तरी तो तीन आठवड्यांहून जास्त कोठडीत राहिला, आणि मे २०२२ मध्ये केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाने पुरावा नाही म्हणून त्याच्यावर आरोपपत्रच ठेवलं नाही. त्याच्यामागे देशातले मोठे वकील उभे होते. शिवाजीनगरच्या पोराकडे कोण असतं?

मोहल्ल्यात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात पोलीसच मिळालेले आहेत, सांगून उपयोग नाही. दुसरे म्हणतात आपल्याच पोरांना टार्गेट करतात, म्हणून सांगायचं नाही. दोघांच्याही बोलण्याला काही आधार असतो, आणि दोघांमुळेही खोली चालू राहते. आमच्या मते पहिलं काम पंच म्हणून उभं राहण्याचं आहे. पोलीस पंच शोधतात तेव्हा सगळी दारं बंद होतात. मग ठरलेला पंच येतो आणि कोर्टात केस पडते. लेखी बोलावूनही विनाकारण नकार देणं हा तसा गुन्हाच आहे, पण त्या भीतीने नव्हे, इमारतीतल्या चार भल्या माणसांनी आधी ठरवून हे काम वाटून घ्यावं.

पोरगा विकतो की ओढतो?

घरच्यांना सगळ्यात जास्त भीती याची असते की तक्रार केली तर आपलाच मुलगा आत जाईल. म्हणून गर्दुल्ला झालेल्या पोराला आई लपवते, आणि तो पैशासाठी हळूहळू विकायला लागतो. ओढणारा आणि विकणारा यांच्यातली भिंत पातळ आहे. बहुतेक पोरं ती नशेसाठीच ओलांडतात.

या भिंतीच्या अलीकडे असलेल्यासाठी कायद्यात एक दार आहे, कलम ६४-अ. नशा करण्याचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. अभिनेता फरदीन खानला २००१ मध्ये कोकेन प्रकरणात अटक झाली होती. उपचार घेतल्यावर २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला याच कलमाची सूट दिली. हे कलम फक्त नटांसाठी नाही. पण वकिलाने अर्ज करायला हवा, आणि गरिबाच्या वकिलाला अनेकदा ते सुचत नाही. तुम्हीच आठवण करून द्या.

त्याहून चांगलं म्हणजे केस होण्याआधीच जाणं. दवाखान्यात मुलाला घेऊन गेलात म्हणून डॉक्टर पोलिसांना फोन करत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाला आजार मानतो आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात ही सोय असते. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून, अनिल आणि अनिता अवचट यांनी सुरू केल्यापासून, हेच काम करतं. सल्ल्यासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. नोंदणी नसलेल्या, खोलीत कोंडून मारणाऱ्या ‘सुधार केंद्रां’ना मात्र पोरगं देऊ नका, मग ते चालवणारा कितीही दीनदार दिसो.

मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. आणि अशा मुलाकडून माल वाहून घेणाऱ्याला, विकवून घेणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. जिन्यात उभा असलेला तो मुलगा आठवा. तक्रारीत त्याचा उल्लेख ‘अल्पवयीन मुलाचा वापर केला जात आहे’ असा करा, म्हणजे हे कलम विकणाऱ्यावर लागतं.

तक्रार कशी करायची

अमली पदार्थांची खबर देण्यासाठी केंद्र सरकारची १९३३ ही ‘मानस’ हेल्पलाइन जुलै २०२४ पासून सुरू आहे. नाव न सांगता माहिती देता येते. खबर कोणाकडून मिळाली हे सांगायला पोलिसांना भाग पाडता येत नाही, असं एनडीपीएसचं कलम ६८ म्हणतं. वैरातून खोटी खबर देऊन कोणाला अडकवलं तर कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणून जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगा. इमारत, खोली नंबर, कुठल्या वेळेला वर्दळ, गाडीचा नंबर, शक्य असेल तर आठ-दहा दिवसांच्या तारखा. हत्यार दिसलं असेल तर ते आधी सांगा, कारण त्यावरून किती माणसं घेऊन कशा तयारीने यायचं हे पोलीस ठरवतात. व्हिडिओ काढून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकू नका. तो पहिल्यांदा पोचतो खोलीतल्या माणसाकडे.

एकट्याने जायची भीती वाटत असेल तर गटाने जा. भिवंडीत १९८० च्या दशकाच्या शेवटी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. गल्लीगल्लीतली हिंदू-मुसलमान माणसं आणि पोलीस एकत्र बसत, ओळखी होत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना १९८४ ची जखम अंगावर असलेली भिवंडी शांत राहिली, याचं श्रेय अनेक जण त्या कमिट्यांना देतात. कमिटी ईद आणि गणपतीच्या बैठकीपुरती उरली असेल तर तिच्या पुढच्या बैठकीत खोल्यांचा विषय ठेवा. विकणारा पुन्हा पुन्हा येत असेल तर तडीपारी आहे, एमपीडीए कायद्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्धता आहे. हे प्रस्ताव पोलीस ठाण्यातूनच वर जातात, आणि कमिटीने लेखी मागणी केली तर फाइल हलायला मदत होते.

लेखी तक्रार दिली की प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय आहे, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती मात्र जपून ठेवा. न्यायदंडाधिकारी आधी ती मागतील.